रशीदुद्दीन वजिराचा 'जामिउत्तवारीख' : त्याच्या साक्षीचें मोल

१

इराणांतील मंगोल अमदानीचा इतिहास ज्या साधनांवरून लिहितात, त्यांत रशीदुद्दीन फजलुल्ला हमदानी या वजिराच्या 'जामिउत्तवारीख' या ग्रंथास अग्रपूजेचा मान आहे. हा मान त्यास कोठें द्यावा व कोठें राखून ठेवावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आपल्या बखरींतून व जुन्या कागदांतून 'मोंगल' म्हणजे दिल्लीचा पातशहा व त्याची फौज असा अर्थ रूढ असल्यामुळें आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, येथें प्रस्तुत आहेत ते चंगीझखानाचे मंगोल. चंगीझाचा नातू हुलागू यानें इराणांत स्थापिलेल्या वंशास इल्खानी म्हणतात; त्याचा अंमल इ. स. १२५६ पासून १३३५ पर्यंत, म्हणजे सुमारें ऐशीं वर्षें चालला.

या विषयांत आम्ही दोनदां चुकलों आहों, तें प्रथम सांगून टाकतों. शाळेंत इतिहास शिकवीत असतां मंगोल म्हणजे विध्वंस, एवढ्या एका वाक्यावर आम्ही तो धडा संपवीत असूं. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर फारशी शिकलों, रशीदुद्दीनाचा ग्रंथ हातीं घेतला, आणि गाझानखानाच्या सुधारणांचें त्यानें केलेलें वर्णन वाचून मत अगदीं उलट टोकास गेलें. मंगोल राज्य म्हणजे विद्येचें व न्यायाचें राज्य, असें आम्ही मित्रमंडळींत सांगूं लागलों. तिसऱ्या वाचनांत ध्यानांत आलें कीं, दोन्ही चुकांचें मूळ एकच आहे. दोन्ही वेळां एकेका साक्षीदाराचें म्हणणें आम्हीं उलटतपासणीवांचून मान्य केलें होतें.

२

पहिला मोठा साक्षीदार अता मलिक जुवैनी (१२२६–१२८३). याचें घराणें पिढीजात दफ्तरदारांचें. वाडवडिलांनीं ख्वारिझमशहाची चाकरी केली, बापानें मंगोलांची, आणि हा स्वतः १२५९ पासून बगदादचा कारभारी झाला. 'तारीख-इ-जहांगुशा' हा त्याचा ग्रंथ त्यानें १२५२ च्या सुमारास मंगोलांची राजधानी कराकोरम येथें लिहावयास घेतला. १२२१ मध्यें मर्व शहराची कत्तल झाली. प्रेतांची मोजदाद तेरा दिवस व तेरा रात्री चालून आंकडा तेरा लाखांवर गेला, असें तो नमूद करतो. तेरा दिवस आणि तेरा लाख हा मेळच संशय उत्पन्न करणारा आहे. शिवाय आसपासच्या खेड्यांतून आश्रयास आलेले लोक धरले तरी त्या काळच्या एका शहरांत इतकी वस्ती मावणें व पोसणें कठीण. परंतु आंकडा खोटा म्हणून कत्तल खोटी ठरत नाहीं. तो आंकडा मोजणी म्हणून टाकावा आणि भयाचें माप म्हणून ठेवावा.

याच जुवैनीचें दुसरें एक निवेदन हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १२५६ मध्यें हुलागूनें इस्माइली पंथाचा अलमूत किल्ला घेतला, तेव्हां तेथील प्रसिद्ध ग्रंथसंग्रह पाहण्याची परवानगी जुवैनीनें मागून घेतली. कुराणाच्या प्रती, निवडक ग्रंथ व ज्योतिषाचीं यंत्रें त्यानें बाजूस काढलीं, आणि त्या पंथाच्या मतांचे ग्रंथ जाळून टाकले. हें तो स्वतःच सांगतो, व सांगतांना त्यास यत्किंचितहि खेद झालेला दिसत नाहीं. ग्रंथ जाळले म्हणून आपण मंगोलांस दोष देतों. येथें जाळणारा हात एका विद्वान इराणी गृहस्थाचा होता.

मंगोल इराणचें खरें स्वरूप अशा ठिकाणीं उघडें पडतें. तलवार मंगोलांची असली तरी दफ्तर इराण्यांच्याच हातीं राहिलें. १२५८ मध्यें बगदाद पडलें व खिलाफत बुडाली. त्याच वर्षीं शिराझ येथें सादीनें 'गुलिस्तान' पुरें केलें, कारण शिराझच्या अताबेगांनीं मंगोलांस खंडणी देऊन शहर वांचविलें होतें. पुढच्याच वर्षीं हुलागूच्या आश्रयानें नसीरुद्दीन तूसीनें मराघा येथें वेधशाळा उभारण्यास प्रारंभ केला; हा तूसी तीन वर्षांपूर्वीं इस्माइलींच्या आश्रयास होता. धनी बदलले, चाकरी चालू राहिली. आपण नित्य वापरतों तो 'नोकर' शब्द मुळांत मंगोलांचा आहे. त्यांच्या भाषेंत 'नोकोर' म्हणजे सरदाराचा शस्त्रबंधु, सांगाती. फारशींत येतां येतां सांगात्याचा सेवक झाला, व त्याच अर्थानें तो आपल्याकडे आला. रशीदुद्दीन हा दोन्ही अर्थांनीं नोकर होता, आणि त्याच्या साक्षीचा विचार करतांना ही गोष्ट विसरतां कामा नये.

३

रशीदुद्दीनाचा जन्म हमदान येथें १२४७ च्या सुमारास एका यहुदी वैद्याच्या घरीं झाला. तिशीच्या सुमारास त्यानें इस्लाम स्वीकारला. वैद्य म्हणून तो दरबारीं शिरला आणि १२९८ मध्यें गाझानखानाचा वजीर झाला. मंगोलांची नवी पिढी आपले पूर्वज व वंशावळी विसरत चालली, सबब त्यांचा इतिहास लिहून ठेवावा, अशी आज्ञा गाझाननें केली. १३०४ मध्यें गाझान वारला. त्याचा भाऊ उल्जाइतू यानें काम पुढें चालविण्यास सांगून त्यास जगांतील इतर राष्ट्रांच्या इतिहासाची जोड देवविली. चीन, हिंदुस्थान, यहुदी, फ्रँक, तुर्क अशा लोकांचा वृत्तांत एका ग्रंथांत येण्याचा हा प्रसंग अपूर्व होता.

ग्रंथाची रीत प्रशंसनीय आहे. मंगोलांच्या परंपरांसाठीं कुब्लाईखानाच्या दरबारांतून आलेला बोलाद चिंगसांग हा त्याचा जाणता. बुद्धचरितासाठीं काश्मिरी भिक्षु कमलश्री. प्रत्येक राष्ट्र आपल्याविषयीं जें सांगतें तें तसेंच द्यावें व त्याच्या खरेखोटेपणाचा भार सांगणारावर ठेवावा, हें त्याचें प्रतिज्ञात धोरण. आजचा संशोधकहि यापुढें फारसा गेलेला नाहीं. प्रश्न एवढाच कीं, आपल्या धन्याविषयीं व स्वतःविषयीं लिहितांना हें धोरण वजिरानें पाळलें काय?

४

संस्कृताच्या अभ्यासकास हिंदुस्थानवरील भागाचें कुतूहल अधिक. त्यांतील बहुतेक मजकूर अल्‌बीरूनीच्या तीनशें वर्षें जुन्या ग्रंथांतून घेतलेला आहे. तेथें नवें थोडें. नवें आहे तें कमलश्रीच्या साह्यानें लिहिलेलें शाक्यमुनीचें चरित्र. त्यांत जन्म, तप, माराचा विघ्नप्रयत्न, निर्वाण हे प्रसंग ओळखूं येतात, व मैत्रेयाचीहि वार्ता आहे. मात्र मार हा इब्लीस झाला आहे, आणि शाक्यमुनि हा ग्रंथधारी पैगंबर झाला आहे. परक्यास समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर असें होणारच; यांत आम्ही दोष मानीत नाहीं. पुनर्जन्माच्या मताचें खंडन मात्र वजिरानें आपल्या पदरचें जोडलें आहे. म्हणजे जें राष्ट्र जें सांगतें तें तसेंच देण्याच्या प्रतिज्ञेस येथें मर्यादा पडली.

ती कां पडली, याचें उत्तर त्याच ग्रंथांत अन्यत्र सांपडतें. गाझान बालपणीं बक्षींच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या, सहवासांत वाढला. खोरासानांत त्यानें बौद्ध देवालयेंहि बांधविलीं. १२९५ मध्यें तो मुसलमान झाला व गादीवर आला, आणि लगेच देवालयें पाडण्याचा हुकूम सुटला. बक्षींना सक्तीनें मुसलमान केलें. पुढें त्यांचें मन पालटलेलें नाहीं हें पाहून, ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं हिंदुस्थान, काश्मीर वा तिबेट गांठावा, अशी मोकळीक दिली. हें सर्व रशीदुद्दीनच सांगतो. ज्या धर्माची इराणांतून हकालपट्टी झाली, त्याचें चरित्र त्याच राज्याचा वजीर थोड्याच वर्षांत एका भिक्षूकडून लिहून घेतो! हा ग्रंथ नसता तर इराणांत बौद्धांचा वावर किती होता हें आज कळणें दुरापास्त झालें असतें, ही त्याची थोरवी. परंतु बौद्धांचा पक्ष बौद्धांच्या तोंडून त्यांत येत नाहीं.

याच संदर्भांत गाझानचा बाप अर्घून याच्या मृत्यूची हकीकत पाहावी. हिंदुस्थानांतून आलेल्या एका बक्षीनें दीर्घायुष्यासाठीं गंधक व पारा यांचा कल्प दिला, तो अर्घूननें आठ महिने घेतला, व दुखण्यास लागून १२९१ मध्यें तो मेला, असें रशीदुद्दीन लिहितो. आपल्या रसशास्त्राशीं परिचय असणारास हा कल्प अपरिचित वाटणार नाहीं. म्हणून हकीकत निराधार म्हणवत नाहीं. तथापि सांगणारा स्वतः दरबारचा वैद्य आहे, आणि दोष दिला आहे तो प्रतिस्पर्धी वैद्यास, हें विसरूं नये.

जातां जातां 'बक्षी' शब्दाविषयीं. हा 'भिक्षु' शब्दाचा अपभ्रंश असावा असें पूर्वीं मानीत, व आमच्यासारख्या संस्कृताभिमान्यास तें गोड वाटे. अलीकडील विद्वानांचा कल तो चिनी भाषेंतील गुरुवाचक शब्दापासून आला असें मानण्याकडे आहे. गोड वाटणारी व्युत्पत्ति अधिक कसोशीनें तपासावी, हाच यांतील बोध.

५

आतां मुख्य मुद्दा, गाझानच्या सुधारणांचा. या भागांत दोन प्रकारची वाक्यें आहेत : एक, खानाच्या हुकुमांचे म्हणजे यर्लिघांचे पाठ, दुसरें, त्यांच्या परिणामांचें वर्णन. मीमांसक विधि व अर्थवाद असा भेद करतात आणि स्तुतिपर वाक्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. तोच विवेक येथें करावा. अमुक हुकूम निघाला, यास रशीदुद्दीन उत्तम प्रमाण आहे. त्या हुकुमानें रयत सुखी झाली, यास तो प्रमाण नाहीं. कारण हुकूम अमलांत आणणारा वजीर तो स्वतःच. ज्याचा अर्थसंबंध आहे त्यास साक्षी करूं नये, असें मनूनें सांगितलेंच आहे.

सुधारणांपूर्वीचा काळ तो काळाकुट्ट रंगवितो. पूर्वीच्या वजिरांना दोष दिल्यानें त्याचें काम उजळ दिसतें, म्हणून येथेंहि सावधगिरी हवी. उदाहरणार्थ, १२९४ मध्यें गैखातूखानाचा वजीर सद्रुद्दीन झंजानी यानें चीनच्या धर्तीवर 'चाव' नांवाचें कागदी चलन तब्रीझ येथें काढलें. तें कोणी घेईना, बाजार बंद पडले, अन्नाची टंचाई झाली, व सुमारें दोन महिन्यांत चलन मागें घ्यावें लागलें. प्रसंग खरा आहे. तथापि हा सद्रुद्दीन रशीदुद्दीनाचा वैरी असून तो १२९८ मध्यें मारला गेल्यावरच रशीदुद्दीनास वजिरी मिळाली, हें जमेस धरून तो वाचावा.

परंतु ओघांत आलेला एखादा बारीक तपशील स्तुतीच्या वा निंदेच्या गरजेपलीकडचा असतो. यझ्दकडील फिरोझाबाद गांवची हकीकत अशीच. तेथील एक जमीनदार १२९२ च्या सुमारास वसुलासाठीं गांवीं गेला. तीन दिवस शोधूनहि त्यास गांवकामगारांपैकीं कोणी भेटेना. भेटले ते सरकारी वराता घेऊन बसलेले सतरा वसूलदार. त्यांनीं एक शेतराख्या व दोन कुळें रानांतून धरून आणलीं होतीं, आणि बाकीचे कोठें लपले तें सांगावें म्हणून त्यांस दोरीनें टांगून मारहाण चालविली होती. फारशी 'बरात' व आपल्या पेशवे दफ्तरांतील 'वरात' एकच. एकाच गांवाच्या वसुलावर अनेकांना वराता दिल्या म्हणजे काय होतें, हें आपल्या कागदांचा ज्यास परिचय आहे त्यास सांगावयास नको. जुवैनीचे तेरा लाख आम्हीं सोडून दिले. हे सतरा वसूलदार व टांगलेलीं तीन माणसें सोडवत नाहींत.

परिणामांच्या बाबतींत दुसरा साक्षीदार आहे, तो हमदुल्ला मुस्तौफी. मुस्तौफी म्हणजे जमाखर्चाचा अधिकारी, आपल्या फडणिसासारखा. त्याचा 'नुझ्हतुल्‌कुलूब' हा ग्रंथ १३४० चा, म्हणजे इल्खानी सत्ता मोडल्यानंतरचा. गाझानपूर्वीं राज्याचा वसूल सुमारें १,७०० तुमान होता, तो गाझानच्या व्यवस्थेनें सुमारें २,१०० तुमान झाला, असें तो देतो. एक तुमान म्हणजे दहा हजार दिनार. तेव्हां वसूल सुमारें एक चतुर्थांशानें वाढला. एवढ्यापुरता वजीर खरा ठरतो. परंतु हाच मुस्तौफी सेल्जुकांच्या काळचा वसूल याच्या कित्येक पटींनीं अधिक सांगतो, आणि मंगोलांच्या स्वारीनें झालेली हानि हजार वर्षांतहि भरून निघावयाची नाहीं अशा आशयाचें लिहितो. शिवाय खजिना भरला म्हणजे कुळाचें घर भरलें असें होत नाहीं. आमचा निष्कर्ष असा : गाझानच्या सुधारणांनीं पडझड कांहीं काळ थोपविली. तिची भरपाई झाली नाहीं.

६

ग्रंथकर्तृत्वाविषयींहि एक जुना वाद आहे. अबुल्‌कासिम काशानी या समकालीन लेखकानें उल्जाइतूच्या इतिहासांत तक्रार केली आहे कीं, 'जामिउत्तवारीख' हें मूळ आपलें काम, वजिरानें तें आपल्या नांवावर खपविलें व बक्षीसहि आपणच लाटलें. राज्याचा गाडा हांकणाऱ्या माणसानें एवढा विस्तृत ग्रंथ एकट्यानें लिहिला असेल, हें संभवत नाहीं. काशानीसारख्यांचें साह्य, तेंहि भरपूर, घेतलेलें असावें. तथापि गाझानच्या दरबारचें अंतरंग व वजिरीचे बारकावे काशानीस ठाऊक असणें कठीण. योजना वजिराची व मजुरी अनेकांची, असें आम्हांस वाटतें. मजुरांचीं नांवें न देणें हा मात्र वजिराचा दोष.

याहून गंभीर बाब त्याच्या नांवावर चालणाऱ्या पत्रसंग्रहाची. हीं पत्रें गेल्या शतकांत लाहोर येथें छापून प्रसिद्ध झालीं. त्यांत वजिराची अपार मालमत्ता, मुलांस केलेला उपदेश, दिल्लीच्या दरबारास दिलेली भेट असा मोहक मजकूर आहे. रशियन विद्वान पेत्रुशेव्स्की यांनीं इराणच्या आर्थिक स्थितीचें विवेचन करतांना त्यांचा आधार घेतला. परंतु रूबेन लेव्ही यांनीं १९४६ मध्येंच त्यांच्या अस्सलपणावर आक्षेप घेतला होता, आणि मॉर्टन यांनीं १९९९ मध्यें हीं पत्रें तैमुरी काळांत रचलेलीं असावींत असें साधार मांडलें. आम्हांस तें पटतें. 'जामिउत्तवारीख'चा हिंदुस्थानवरील भाग जुन्या ग्रंथांतून उतरवून घ्यावा लागला, यावरूनहि लेखकानें तो देश स्वतः पाहिला होता असें दिसत नाहीं.

हें लिहितांना आमचाच एक प्रमाद आठवतो. एका घराण्याच्या कागदांत आम्हांस शके सतराशेंच्या आरंभींचें एक मोडी पत्र मिळालें. आमच्या एका आवडत्या मताला तें नेमकें अनुकूल होतें, म्हणून आम्हीं तें मोठ्या हौसेनें एका सभेंत वाचून दाखविलें. पुढें एका तरुण अभ्यासकानें कागद उजेडासमोर धरला. कागदांतील पाणछाप विलायती असून तिच्यांतील साल पत्राच्या मितीहून पन्नासाहून अधिक वर्षांनीं अलीकडचें होतें. अक्षर पाहिलें, भाषा पाहिली, कागद मात्र पाहिला नाहीं. कारण पत्र खरें असावें अशी आमची इच्छा होती. रशीदुद्दीनाच्या पत्रांवर विसंबणाऱ्यांस आम्ही हंसूं शकत नाहीं तें यामुळेंच.

७

शेवटीं या ग्रंथाच्या प्रतींविषयीं. रशीदुद्दीनानें तब्रीझनजीक रब्अ-इ-रशीदी नांवाची धर्मादाय वसाहत स्थापिली. मशीद, मदरसा, रुग्णालय, ग्रंथालय, स्वतःची कबर, सर्व एका ठिकाणीं. तिचा १३०९ चा वक्फनामा, ज्याचा कांहीं भाग खुद्द वजिराच्या हातचा आहे, तब्रीझ येथें आजहि जतन केलेला असून २००७ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत तो नोंदला गेला. पुढें त्यास जोडलेल्या कलमांत आपल्या ग्रंथांची दरसाल एक अरबी व एक फारशी प्रत चांगल्या कागदावर लिहवून, मूळाशीं ताडून, निरनिराळ्या शहरीं पाठवावी, अशी तजवीज आहे. याच वक्फाच्या चाकरींत गुलामहि होते, हेंहि त्याच कागदावरून कळतें.

१३१८ मध्यें उल्जाइतूस विष दिल्याच्या आरोपावरून रशीदुद्दीनास देहांत शासन झालें. तत्पूर्वीं त्याचा कोवळा मुलगा इब्राहीम यास मारलें. वसाहत लुटली गेली. पुढें दुसरा मुलगा घियासुद्दीन वजीर झाला, पण १३३६ मध्यें तोहि मारला गेला व वसाहत पुन्हां लुटली. शतक पुरें होण्याच्या सुमारास तैमुराचा मुलगा मीरानशहा यानें वजिराचीं हाडेंहि कबरींतून उकरून यहुदी स्मशानांत टाकविलीं. इमारती गेल्या, बाहेर गेलेल्या प्रतींनीं ग्रंथ तारला. १३१४ च्या सुमारास तब्रीझ येथें लिहिलेल्या सचित्र अरबी प्रतीचा एक भाग कंपनीच्या नोकरींतील जॉन बेली यांनीं हिंदुस्थानांत मिळविला, तो आज एडिंबरो येथें आहे. दुसरा भाग, ज्यांत शाक्यमुनीचें चरित्र आहे, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे होता. तो १९८० मध्यें विकला जाऊन आतां खलिली संग्रहांत आहे.

याच्या उलट उदाहरण त्याच दरबारच्या भव्य शाहनाम्याचें. १३३० नंतरच्या दशकांतील ही पोथी सहाशें वर्षें टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती पॅरिसच्या दमोत या व्यापाऱ्याच्या हातीं पडली. सबंध पोथीस मनाजोगती किंमत येईना, म्हणून त्यानें पानें सुटीं केलीं. दोन्ही बाजूंस चित्रें असलेलीं पानें मधून चिरून दोन केलीं व निरनिराळ्या संग्रहांस विकलीं. आज पन्नासाहून अधिक चित्रें जगभर विखुरलेलीं आहेत, आणि ग्रंथ म्हणून ती पोथी उरलेली नाहीं. मंगोल अमदानीनंतरच्या सर्व लुटींत जें वांचलें, तें एका दुकानांत मोडलें.

तेव्हां आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. 'जामिउत्तवारीख' हा परराष्ट्रांच्या वृत्तांतासाठीं आदरणीय, हुकुमांच्या पाठांसाठीं विश्वसनीय, आणि गाझानच्या व स्वतःच्या स्तुतीसाठीं मुस्तौफीशीं ताडून मगच घेण्याजोगा ग्रंथ आहे. पत्रसंग्रह बाजूस ठेवावा. ज्यांच्याजवळ जुन्या फारशी पोथ्या असतील त्यांनीं चित्रांच्या लोभानें पान सुटें करूं नये, शेवटची पुष्पिका उतरवून घ्यावी, आणि एक तरी ताडलेली नक्कल दुसऱ्या गांवीं ठेवावी. वजिराच्या इतर अनेक गोष्टींबद्दल मतभेद संभवतो. प्रत बाहेर पाठविण्याच्या त्याच्या कलमाबद्दल संभवत नाहीं.